गणित कोठें थांबवावें ?

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांत धनेगांव येथें मांजरा नदीवर मोठें धरण आहे. लातूर शहराची तहान मुख्यत्वें त्याच पाण्यावर भागते. २०१६ च्या उन्हाळ्यांत त्यांतील साठा संपला आणि मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. एप्रिलांत आलेल्या पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारें पांच लक्ष लिटर पाणी होतें. जलाशयांत आज किती पाणी आहे हें मोजपट्टी सांगते. दोन महिन्यांनीं किती उरेल हें मात्र गणितानेंच काढावें लागतें. तें गणित चुकीच्या जागीं थांबलें, अथवा थांबलेंच नाहीं, तर काय होतें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

एखादी राशि या क्षणीं किती वेगानें बदलत आहे हें सांगणाऱ्या समीकरणास विकलक समीकरण म्हणतात. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या सिद्धांतशिरोमणींत ग्रहांच्या अशाच तात्कालिक गतीचा विचार केला आहे. या क्षणींचा वेग थोडा वेळ तसाच राहील असें धरून एक पाऊल पुढें जावें, तेथें नवा वेग काढावा व पुन्हां पाऊल टाकावें, ही ऑयलरनें १७६८ त मांडलेली रीति होय. आजचे संगणक हीच रीति सुधारून वापरतात.

समजा, वाड्यांतील हौदांत १०० सेंटीमीटर पाणी असून तळाची तोटी उघडी आहे. आरंभीं पाणी मिनिटास २ सेंटीमीटर उतरतें. उतरण्याचा वेग खोलीच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत असतो. म्हणजे पाणी चतुर्थांश उरलें कीं वेग निम्मा होतो. या हिशेबानें हौद बरोबर १०० मिनिटांत रिकामा होतो व नव्वदाव्या मिनिटास त्यांत १ सेंटीमीटर पाणी उरतें. आतां तीस-तीस मिनिटांचीं पाउलें टाकून पाहूं. पहिल्या पावलास ४० सेंटीमीटर, दुसऱ्यास सुमारें २ आणि तिसऱ्यास उणें साडेसहा ! आणखी एक पाऊल टाकावें तर उणे संख्येचें वर्गमूळ घ्यावें लागतें, आणि संगणक ‘ही संख्याच नव्हे’ असा शेरा मारतो. येथें दोष हौदाचा नाहीं, समीकरणाचाहि नाहीं. पाऊल लांब पडलें इतकेंच. तें एका मिनिटाचें केलें तर उत्तर पुष्कळ सुधारतें.

परंतु दुसरा दोष याहून कपटी आहे. पाउलांची रीति सोडून याच समीकरणाचें अचूक सूत्र काढलें, तर १२० व्या मिनिटास तें हौदांत ४ सेंटीमीटर पाणी दाखवितें आणि २०० व्या मिनिटास हौद पुन्हां भरून देतें ! उणा आकडा निदान स्वतःचें खोटेपण ओरडून सांगतो. हा आकडा मात्र सभ्य वेष घालून येतो. हौद रिकामा झाला त्याच क्षणीं त्या समीकरणाचा अधिकार संपला होता, हें न पाहिल्यामुळें असें होतें.

म्हणून चांगल्या गणकानें प्रत्येक पावलानंतर उत्तर वैध आहे कीं नाहीं हें तपासावें. मर्यादा ओलांडली गेल्यास मागें यावें, तें पाऊल अर्धें करावें, पुन्हां अर्धें करावें, आणि मर्यादेचा क्षण हवा तितका नेमका पकडावा. तेथें गणित थांबवून तो क्षण लिहून ठेवावा; पुढें जाणें असल्यास नवें समीकरण मांडावें. कित्येक जण मात्र उण्या आकड्याच्या जागीं शून्य घालून पुढें चालतात. यानें कागद स्वच्छ दिसतो. पण पाणी केव्हां संपलें हें कळत नाहीं आणि पाऊल लांब पडल्याची खूणहि पुसली जाते.

मर्यादा नेहमीं शून्यावरच असते असेंहि नाहीं. मांजरा धरणाच्या सुमारें २२४ दशलक्ष घनमीटर क्षमतेपैकीं सुमारें ४७ दशलक्ष घनमीटर हा मृतसाठा आहे. म्हणजे तें पाणी सोडण्याच्या दारांच्या पातळीखालीं असतें व आपोआप बाहेर येत नाहीं. तेव्हां दारांतून वाहणाऱ्या पाण्याचें गणित तळाशीं नव्हे, दारांशींच थांबविलें पाहिजे. त्याखालच्या पाण्यास पंप लागतात, त्याचा हिशेब निराळा. तळापर्यंत एकच समीकरण ओढीत नेणारा मनुष्य शहरास न मिळणारें पाणी वाटीत बसतो.

घरचा वडीलधारा कारभारी कोठीच्या तळाशीं हात लागण्यापूर्वींच पुढच्या धान्याची तजवीज करितो. गणिताकडूनहि आम्हांस हेंच हवें आहे. शेवटचा आकडा त्यानें द्यावाच. पण आपला शब्द कोठपर्यंत धरावा, हेंहि त्यानेंच सांगावें.