सोयाबीन आणि शिक्का

2016च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालाच्या रात्री मी लातूरला धाकट्या भावाला फोन केला आणि म्हणालो, "इथले खेड्यातले लोक वर्णद्वेषी आहेत, बाकी काही नाही." आयोवात दहा वर्षं काढलेल्या माणसाचं हे विधान. आता आठवलं की कान गरम होतात.

मग मी आयोवातल्या हॉवर्ड काउंटीचे आकडे पाहिले. मिनेसोटाच्या सीमेवरचा हा भाग. मका, सोयाबीन, डुकरं आणि जेमतेम साडेनऊ हजार माणसं. गव्हाच्या बुटक्या वाणांचे नॉर्मन बोरलॉग इथल्याच क्रेस्को गावच्या शाळेत शिकले. 2012 मध्ये इथे ओबामा वीस टक्क्यांहून जास्त फरकानं पुढे होते. चारच वर्षांनी ट्रम्पही वीसहून जास्त फरकानं पुढे. एवढं उलटं फिरलेली अमेरिकेतली ही एकमेव काउंटी. बहुतेक सगळी गोरी वस्ती, आणि तिनं ओबामांना 2008 मध्येही निवडलं होतं. वर्णद्वेष तिथे नाहीच असं मी म्हणणार नाही, पण माझं गणित त्यावर सुटत नव्हतं.

म्हणून मी पिकांच्या दराकडे वळलो: दर कोसळले की मतं फिरतात. सोयाबीनवाल्याच्या घरात वाढलेल्याला हे उत्तर लगेच पटतं. दाखलाही होता: ऐंशीच्या दशकात कर्जाचं व्याज चढलं, जमिनींच्या किमती कोसळल्या, शेतं लिलावात गेली, आणि रिपब्लिकन रेगनना दोनदा निवडणाऱ्या आयोवानं 1988 मध्ये डेमोक्रॅट डुकाकिसना कौल दिला. त्यामुळे जुलै 2018 मध्ये चीननं अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के जादा कर लावला आणि दहा डॉलरच्या वर असलेला बुशेलचा दर साडेआठच्या आसपास आला, तेव्हा मी ऑफिसात जेवणाची पैज लावली: 2020 मध्ये हॉवर्ड परत फिरणार.

ट्रम्प यांची आघाडी वाढली. जेवण मला द्यावं लागलं.

जेवताना मी म्हणालो, सरकारनं भरपाई वाटली म्हणून असं झालं. वाटली होतीच, अब्जावधी डॉलर. पण त्याच भागातून आलेला सहकारी हसला. "तिथे शेती करतं कोण?" मोठी यंत्रं आली, शेतं एकमेकांत मिसळली, घरं उठली. उरलेले लोक ट्रेलरच्या कारखान्यात, दवाखान्यात, शाळेत कामाला जातात. मी ज्याला इतकी वर्षं शेतकऱ्याचं मत म्हणत होतो, ते बरंचसं या लोकांचं होतं. चहूकडे मका दिसतो, म्हणून आतला प्रत्येकजण मका पिकवतो असं मी धरून चाललो होतो.

हे सगळं भावाला सांगितलं. त्याला फारसं नवल वाटलं नाही. "दादा, आपल्या गल्लीत स्वतः शेती करणारी घरं किती राहिली, मोज की."

मोजली. नऊपैकी दोन. आमचं त्यात धरलं नाही. आमची जमीन सहा वर्षांपासून बटईनं दिलेली आहे.