उजनीच्या पाण्याकांठीं एक उल्कारात्र

सह्याद्रीच्या माथ्यावर रिते झालेले ढग आमच्या बारामती-इंदापुराकडे पोंचतात ते बहुधा सावली देण्यापुरतेच. या अवर्षणाचें दुःख येथील शेतकऱ्यास पुरतें ठाऊक आहे. परंतु कोरड्या हवेमुळें हिंवाळ्यांत येथील आकाश जसें निवळतें, तसें घाटाखालीं क्वचितच निवळत असेल. २०२३ सालीं तर पावसानें फारच ओढ दिली. त्या वर्षीं ३१ ऑक्टोबरला शासनानें ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत बारामती व इंदापूर हे दोन्ही होते. त्याच सालच्या १४ डिसेंबरच्या रात्रीं आम्ही मिथुन राशींतील उल्कावर्षावाचीं छायाचित्रें घेण्यास निघालों.

आम्ही म्हणजे प्रस्तुत लेखक, कॅमेऱ्याचा नाद असलेला पुतण्या आणि आमच्या वयोवृद्ध काकू. काकूंना एवढ्या थंडींत नेऊं नये, असें घरांत सर्वांचें मत पडलें. परंतु आम्ही उजनीच्या कांठीं, पळसदेवाच्या अंगास जाणार, हें ऐकल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, “माझ्या माहेरीं जायचं आणि मला घरीं ठेवायचं, हा कुठला न्याय?” यावर कोणासच उत्तर सुचलें नाहीं.

गळिताचा हंगाम असल्यामुळें उंसाच्या गाड्यांमागें रखडत आम्ही भिगवणला आलों. बारामतीच्या दिव्यांची पिंवळट झांक कितीतरी वेळ पाठीमागें दिसत होती. कारखान्यांचे दिवेही क्षितिजावर होते. पळसदेवाजवळ हमरस्ता सोडून पाण्याकडे वळलों, तेव्हां मात्र पुढें काळोखच काळोख. उत्तरेस भीमेचें अडवलेलें विस्तीर्ण पाणी. पलीकडे करमाळ्याच्या बाजूचे चार-दोन मिणमिणते दिवे. आणि पाण्यावर हातभर उंचीवर ध्रुव. नुकतीच अमावास्या उलटली असल्यानें चंद्राचा अडथळा नव्हता.

दरसाल या सुमारास पृथ्वी धूलिकणांच्या एका पट्ट्यांतून जाते. बहुतेक उल्कावर्षावांचें मूळ धूमकेतूंत असतें. मिथुनेच्या वर्षावाचें मात्र १९८३ सालीं सांपडलेल्या फेथॉन नांवाच्या लघुग्रहांत आहे. त्याचे कण सेकंदास सुमारें ३५ किलोमीटर वेगानें वातावरणांत शिरतात व आपल्या माथ्यावर शंभर किलोमीटरांच्या आसपास उजळून नाहींसे होतात. वस्तुतः ते समांतर येतात. पण आगगाडीचे रूळ जसे दूरवर एकत्र मिळाल्यासारखे दिसतात, तशा या सर्व रेषा पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळून निघाल्यासारख्या वाटतात. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत उल्कांना एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. स्वर्गांत पुण्यफळ भोगून खालीं येणारे जीव ते हेच, असें तो सांगतो. काकूंना हें ठाऊक होतें. लघुग्रहाची हकीकत ऐकूनही त्यांनीं तें मत सोडलें नाहीं.

उल्केचें पहिलें छायाचित्र प्राग येथें लाडिस्लाउस वाइनेक यानें २७ नोव्हेंबर १८८५ रोजीं काचेवर घेतलें. साधनें पालटलीं, तरी गोष्ट आजही तीच आहे: उल्का कोठें पडेल तें आधीं कळत नाहीं, म्हणून आकाशाचा मोठा तुकडा धरून वाट पाहावयाची. पुतण्यानें तिपाईवर रुंद दृष्टीचें भिंग लावून तें ब्रह्महृदयावर नेमकें जुळविलें, आणि वीस-वीस सेकंदांचीं चित्रें एकामागून एक आपोआप निघत राहतील अशी योजना केली. “अधिक वेळ उघडें ठेवलेंस तर उल्का अधिक ठळक नाहीं का येणार?” असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, “नाहीं काका. ती एका क्षणांत विझते; वेळ वाढवला तर पाठीमागचं आकाशच तेवढं उजळतं.” म्हणजे येथें भिंगाचें तोंड मोठें हवें, कॅमेरा संवेदनशील हवा, आणि सर्वांत आधीं काळोख हवा.

काकूंनीं घोंगडी पांघरून खुर्ची घेतली आणि मांडीवर दोन पिशव्या ठेविल्या. एकींत चिंचोके होते. उल्का दिसली कीं एक चिंचोका दुसऱ्या पिशवींत. ही मोजदाद आम्हांस हंसण्यासारखी वाटली. पण नुसत्या डोळ्यांनीं केलेल्या अशा नोंदींना खगोलशास्त्रांतही मान आहे, हें आठवून आम्ही गप्प बसलों.

मध्यरात्रीनंतर वर्षाव भरास आला. कधीं पांच मिनिटें कांहींच नाहीं. कधीं एकामागून एक तीन. सुमारें दीड वाजतां उत्तरेस एक हिरवट गोळा पाण्यापर्यंत उजेड पाडीत गेला. आम्ही तिघेही ओरडलों. पुतण्या धांवत कॅमेऱ्याकडे गेला आणि तसाच खालीं बसला. पाण्याकांठच्या दमटपणामुळें भिंगावर दहिंवर धरलें होतें. मागच्या तासाभराचीं चित्रें धुक्यासारखीं पांढरीं. भिंगाभोंवतीं ऊब ठेवण्याची साधी खबरदारी आम्हीं घेतली नव्हती. त्याचें तोंड पाहवेना.

काकू मात्र अजून पाण्याकडेच पाहत होत्या. मग म्हणाल्या, “जिथं तो विझला ना, तिथंच खालीं आमचं अंगण होतं. उन्हाळ्यांत बाजा टाकून आम्ही भावंडं असेच तारे मोजायचों. तेव्हां गांवांत दिवे नव्हते म्हणून काळोख होता. आतां गांवच नाहीं म्हणून आहे.”

उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या पाण्याखालीं अनेक गांवें गेलीं, पळसदेवाचें जुनें देऊळही गेलें. पाणी फार ओसरलें म्हणजे त्याचें शिखर वर येतें. त्याच पाण्यावर कितीतरी शेतें पिकलीं, हें आम्ही विसरत नाहीं. पण चांगल्या आकाशाच्या शोधांत येथवर येतांना हा काळोख कोणाच्या घरादाराच्या मोलानें शिल्लक राहिला, आणि ही निरभ्रता कोणाच्या करपलेल्या शेताची आहे, हा विचार आमच्या मनास शिवलाही नव्हता.

पुतण्यानें मुकाट्यानें भिंग पुसलें, त्याभोंवतीं काकूंची लोकरीची कानटोपी गुंडाळली आणि पुन्हां आरंभ केला. साडेतीनपर्यंत अकरा उल्का चित्रांत सांपडल्या. काकूंच्या पिशवींत चिंचोके शहाण्णव निघाले. घरीं आल्यावर त्यानें अकरांपैकीं एक चित्र काकूंसाठीं मोठें करून आणलें. त्यांत बारीकशी एक रेघ आहे आणि खालीं पाणी. रेघेकडे त्यांनीं फारसें पाहिलें नाहीं. पाण्यावर एके ठिकाणीं बोट ठेवून त्या म्हणाल्या, “इथं.” तें चित्र आतां आमच्या माजघरांत, देवघराच्या शेजारीं आहे.