वाऱ्याचा फोटो

येरमाळ्याला वाऱ्याची कधीच वाण नसते. ज्येष्ठात बालाघाटच्या माथ्यावर तो असा सुटतो, की येडेश्वरीच्या देवळाच्या पायऱ्या चढताना पदर आणि टोपी दोन्ही सांभाळावी लागतात. पश्चिमेकडून ढग येतात, डोंगरावर सावली धरतात आणि न बरसताच पुढं सरकतात. ‘नुसतं वारंच हाय,’ म्हणत माणसं घराकडं वळतात.

हा वारा अंगाला झोंबतो, कानात घुमतो, पण दिसत नाही. त्याला पाहायचं तर त्याच्या हाती काहीतरी द्यावं लागतं. खळ्यावर उफणणीसाठी वावडीवर चढलेला माणूस पाटी उचलण्याआधी मूठभर भुसकट वर सोडतो. ते जाईल तिकडं वारं.

२१ नोव्हेंबर १९६३च्या संध्याकाळी केरळात थुंब्याच्या किनाऱ्यावर हीच मूठ फार उंच नेली गेली. रॉकेट अमेरिकेचं, नायके-अपाचे. त्याच्या पोटातलं सोडियम फ्रान्सचं. जिथं हवामानाचे फुगे पोचत नाहीत, तिथं सोडियमची वाफ सोडायची होती. वेळ मुद्दाम तिन्हीसांजेची निवडलेली: खाली अंधारून आलेलं, वर मात्र अजून ऊन. त्या उन्हात सोडियम नारिंगी उजळलं. जमिनीवर दूरदूरच्या ठिकाणी कॅमेरे रोखलेले होते. वाफेची रेघ पसरली, वाकली, तुटली. मागच्या ताऱ्यांवरून तिची जागा ठरवायची आणि ती किती सरकली ते मोजायचं. म्हणजे त्या उंचीवरच्या वाऱ्याची दिशा कळे, वेगही कळे. भारताच्या अवकाशयुगातला हा पहिला फोटो खरं तर वाऱ्याचा होता.

पुढं रॉकेटं मोठी झाली आणि फोटोही त्यांचेच निघू लागले. तरी ढगानं सोबत सोडली नाही. रॉकेट ध्वनीच्या वेगाजवळ आलं, की त्याच्या अंगावरून वळणाऱ्या हवेचा दाब काही जागी एकदम उतरतो, हवा गार होते आणि तिच्यातला ओलावा धुक्यासारखा साकळून येतो. रॉकेटच्या कमरेला क्षणभर पांढरा घागरा फुलतो. १६ जुलै १९६९ला अपोलो-११ घेऊन निघालेल्या सॅटर्न-५ भोवती तो असाच फुलला होता, आणि तो फोटो जगभर गेला. फोटोग्राफरची मात्र इथं कसोटी लागते. ज्वाळा डोळे दिपवणाऱ्या, वाफ फिकट. ज्वाळेला जपून उजेड कमी घ्यावा तर वाफ आभाळात विरून जाते. वाफेला धरावं तर ज्वाळेचा नुसता पांढरा डाग उरतो. फोकस आधीच हातानं बांधून ठेवायचा, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून चपळ ठेवायचं आणि रॉकेटबरोबर मान फिरवत राहायचं. एवढं करूनही घागरा फुलेलच, याची हमी नाही. ते त्या दिवसाच्या हवेच्या हाती.

रॉकेट आणि मान्सून यांचं नातं वसंत गोवारीकरांच्या आयुष्यात तर सरळच दिसतं. आधी त्यांनी देशाच्या रॉकेटांसाठी घन इंधन घडवलं, विक्रम साराभाई अवकाश केंद्राचं संचालकपद सांभाळलं. मग १९८८मध्ये मान्सूनच्या अंदाजाचं सोळा घटकांचं प्रारूप त्यांच्या पुढाकारानं आलं. त्या सोळांत तापमान होतं, दाब होता, बर्फ होता, आणि वाराही होताच. आभाळ भेदणाऱ्या माणसानं अखेर आभाळाचा स्वभाव वाचायला घेतला, हे पर्जन्यछायेतल्या माणसाला फार जवळचं वाटतं.

म्हणून वाटतं, श्रीहरिकोट्याच्या दमट किनाऱ्याऐवजी एखादं रॉकेट आमच्या माळावरून सुटलं तर? वैशाखात हवा कोरडी; फोटोत नुसतं रॉकेट येईल, घागरा नाही. फोटोग्राफर हिरमुसेल. येरमाळ्याचा शेतकरी मात्र तोच फोटो निरखून बघेल आणि म्हणेल, चाड्यावर मूठ धरायला अजून अवकाश आहे.