म्हैसूरची दुसरी रोषणाई

दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरला जाऊ नये, असे मला तिघांनी बजावले होते. गर्दी, महागाई आणि खोलीची टंचाई अशी तीन कारणेही त्यांनी दिली. तिन्ही खरी निघाली! पण आईने जन्मात कधी हट्ट धरला नव्हता, तो याच बाबतीत धरला. "एकदा तो राजवाडा दिव्यांत बघायचाय," एवढेच ती म्हणाली. मग आई, सौ., चिरंजीव आणि माझा नवा कॅमेरा असे आम्ही पाच जण पुण्याहून निघालो. कॅमेऱ्याला पाचवा धरतो, कारण वाटेत सर्वांत जास्त काळजी त्याचीच घेतली गेली.

दिवसा पाहिलेला राजवाडा भव्य आहे, पण जरा गंभीर. करडा दगड, गुलाबी घुमट, मधोमध १४५ फुटांचा मनोरा. येथला जुना लाकडी वाडा १८९७ साली राजघराण्यातल्या एका लग्नाच्या वेळी आगीत जळाला. मग हेन्री आयर्विन या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यावरून हा नवा १९१२ साली पुरा झाला. या मुलखाला विजेचे कौतुक जुनेच. कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावर १९०२ सालीच वीज तयार होऊन कोलारच्या सोन्याच्या खाणींना जाऊ लागली होती.

अंधार पडला. पटांगणात माणसाला माणूस लागलेला. आणि एका क्षणात सुमारे ९७,००० दिवे एकदम लागले! हजारो तोंडांतून एकच 'हा!' उमटला. कमानी, सज्जे, घुमट, सगळे सोन्याच्या रेघांनी आखल्यासारखे उभे राहिले. मी तिकाटण्यावर कॅमेरा लावून भराभर फोटो काढत सुटलो. इतका, की दिवे डोळ्यांनी पाहायचे राहूनच गेले. प्रवासात कॅमेरा नेणाऱ्या प्रत्येकाचे हेच होते.

मुक्कामी येऊन आम्ही पलंगावर बसून फोटो पाहू लागलो, आणि माझा चेहरा उतरला. खाली राजवाडा ठीक होता, पण वरच्या काळ्या आभाळात आणखी एक राजवाडा दिसत होता. फिकट, हिरवट आणि चक्क उलटा! शिवाय प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय.

"बाबा, भुताचा वाडा!" चिरंजीव टाळ्या पिटत ओरडले.

आईने चष्मा सारखा करून चित्र निरखले. "यात बिघडलं काय? मला तर जवळजवळ असंच दिसलं."

"असंच म्हणजे?"

"वाडा काही उलटा नव्हता रे. पण एका दिव्याचे दोन, आणि सगळ्यांभोवती धूर. मला वाटलं, रोषणाईच तशी असते."

आम्ही गप्प झालो. वर्षभर संध्याकाळच्या कीर्तनाला जाणे तिने बंद केले होते. कारण विचारले की पाय दुखतात म्हणे. पाय नव्हेत, समोरून येणाऱ्या मोटारींचे दिवे तिला सोसत नव्हते, हे तिने त्या रात्री प्रथमच सांगितले.

शेजारच्या खोलीत बेळगावचे एक वयस्क गृहस्थ उतरले होते. चाळीस वर्षे फोटोचे दुकान चालवलेले. सकाळी चहाच्या वेळी मी माझे दुःख त्यांच्यापुढे मांडले. त्यांनी फोटोकडे ओझरते पाहिले आणि थेट भिंगालाच हात घातला.

"ही पुढची काच कशाला लावलीत?"

"दुकानदार म्हणाला, भिंगाचं रक्षण होतं."

"मग रक्षणाची किंमत मोजलीत तुम्ही," ते हसून म्हणाले, आणि त्यांनी सगळे समजावून दिले. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे चार टक्के प्रकाश मागे फिरतो. कॅमेऱ्याच्या पोटातली चित्र टिपणारी पट्टीही चकचकीत असते. दिव्याचा प्रकाश तिच्यावर पडतो, थोडा परततो, भिंगातून उलट बाहेर येतो, या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत शिरतो. म्हणून चित्राच्या मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे त्याच दिव्याचे भूत उमटते. खाली डावीकडचा दिवा वर उजवीकडे! दिवसाउजेडी हा चोर प्रकाश लपून जातो. काळ्या आभाळावर मात्र तो उघडा पडतो.

"आणि धूर?"

त्यांनी काच उजेडात तिरपी धरली. तिच्यावर अंगठ्याचा लख्ख ठसा होता. चिरंजीव एकाएकी खिडकीबाहेर पाहू लागले. "डाग, धूळ, तेलकटपणा, कशावरही प्रकाश विखुरतो. फिल्म अतिनील किरण टिपायची, तेव्हा या काचेचा उपयोग होता. आता रात्री तरी ती उतरवून ठेवावी. रक्षणाला भिंगापुढची टोपी पुरते. आणि काच लावायचीच झाली, तर चांगला लेप दिलेली घ्यावी. भूत पुसट होतं, पण पुरतं जात नाही."

आई कोपऱ्यातून सगळे ऐकत होती. "तुझी काच फिरवली की निघाली," ती म्हणाली. "माझी कशी निघायची?"

बेळगावकरांनी चहाचा पेला खाली ठेवला. "निघते, आजी. माझी दोन वर्षांपूर्वीच काढली. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंगच धुरकटतं. प्रकाश विखुरतो, दिव्याला वलयं येतात, कधी एकाचे दोन दिसतात. मात्र डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका."

दसऱ्यात रोज रोषणाई असते, म्हणून त्या संध्याकाळी पुन्हा गेलो. काच खिशात ठेवली. फोटो एकच काढला. आभाळ काळेभोर, वाडा एकटा आणि लखलखीत. उरलेला वेळ मी आईशेजारी बसून दिवे पाहिले. आणि कुठे, काय, कसे दिसते, ते तिला सांगत राहिलो. तीही मान डोलवत ऐकत राहिली.

परतल्यावर आठवड्याभरात डॉक्टरांकडे गेलो. निदान तेच ठरले. आधी एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, काही दिवसांनी दुसऱ्याची.

पुढच्या दिवाळीत पहिल्या पहाटे आई सज्जात उभी होती. समोरच्या चाळीत आकाशकंदील लागले होते. मी म्हैसूरचे दोन्ही फोटो तिच्या हाती दिले. भुताच्या वाड्याचा फोटो तिने बराच वेळ पाहिला.

"हा फाडू नकोस," ती म्हणाली. "याच्यामुळेच तर मी बोलले." आणि समोरचे कंदील बोटाने मोजू लागली. चौदा भरले. मी मोजले, तेही चौदाच.