पाठीवरची माती

मंगळवारची पहाट माझ्या खिडकीत उतरते ती तिकडची सोमवारची रात्र सोबत घेऊन. गॅसवर चहाचं आधण नुकतं कुजबुजू लागलेलं असतं, खालच्या बुचाच्या झाडाचा पांढरा सडा अजून कुणी तुडवलेला नसतो, आणि पडद्यावर मात्र अमेरिकेतल्या कुठल्याशा शहरातलं अवाढव्य सभागृह तांबड्या-जांभळ्या झोतांत न्हात असतं, हजारो कंठ एकच नाव आळवत असतात, आणि कुणाच्या तरी गाण्याचा पहिला ठोका पडताच ती सगळी गर्दी पिकलेल्या भातावरून वारा जावा तशी एका बाजूला झुकते. मी आवाज अगदी बारीक ठेवतो. घर झोपलेलं असतं.

कित्येक वर्षं अशी गेली. तिकडची घड्याळं उन्हाळ्यासाठी पुढे सरकली की इकडे साडेपाचला उठायचं, हिवाळ्यात मागे आली की साडेसहाला. एका परक्या देशाच्या ऋतूंशी माझ्या झोपेचं हे नातं जुळलं ते ‘रॉ’ या व्यावसायिक कुस्तीच्या कार्यक्रमामुळे. ११ जानेवारी १९९३ला न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन सेंटरमध्ये तासाभराचा पहिला खेळ झाला, आणि तेव्हापासून जवळजवळ दर सोमवारी तो होतोच आहे. क्रिकेटला मोसम असतो, मालिकेला शेवटचा भाग असतो, नाटकावर पडदा पडतो. याला मात्र थांबा ठाऊक नाही. वाहिन्या बदलल्या, ६ जानेवारी २०२५पासून तो तिकडे नेटफ्लिक्सवर आला, ज्यांच्यासाठी मी घसा कोरडा केला त्यांचे केस पिकले, त्यांची मुलं त्याच दोरांमधून वाकून आत आली; पण आठवड्याचा फेरा अडला नाही. नदीकाठच्या गावाला नदीचा आवाज ऐकू येईनासा होतो, तसं या अखंडपणाचं मला एरवी भान नसतं. एखादा मंगळवार प्रवासात हुकला की मग ती शांतता जाणवते.

“पण ते खोटं असतं ना?” हा प्रश्न मला कितीतरी जणांनी, कितीतरी वर्षं विचारला आहे. त्यांना उत्तर देताना माझ्या डोळ्यांसमोर प्रत्येक वेळी न्यूयॉर्क येत नाही, सिंधुदुर्गातल्या माझ्या आजोळच्या देवळापुढचं अंगण येतं.

कार्तिकापासून जत्रा सुरू होत. पालखी फिरून आली, देवाचे सोपस्कार आटोपले की मध्यरात्रीनंतर दशावतार उभा राही. मी आजोबांच्या कांबळ्यात अर्धा आत, अर्धा बाहेर. पुढ्यात साधं मातीचं अंगण, मधोमध एक लाकडी बाकडं. तेच इंद्राचं सिंहासन, तेच ऋषीचं आसन, तेच अरण्यातली शिळा. हार्मोनियमचा सूर रात्रीच्या दवात भिजून जड होई, पखवाजावर थाप पडे, झांज थरथरे, आणि दिवसा ज्याला मी वाण्याच्या दुकानात गूळ जोखताना पाहिलेलं असे तो माणूस काजळ-हिंगूळ लावून, मिशा चढवून, असुर होऊन गर्जत येई. त्यांच्यापाशी लिहिलेली संहिता नसे. कथा ठाऊक, शेवट ठाऊक. मधलं सगळं तिथल्या तिथे, एकमेकांच्या डोळ्यांत पाहून. देव जिंकणार हे कांबळ्यातल्या पोरालाही माहीत होतं. तरी तलवारी भिडल्या की माझी मूठ आजोबांच्या सदऱ्यावर आवळत असे.

एकदा मी विचारलं होतं, “आजो, ह्या सगळा खोटा ना?”

अंगणात असुर कोसळला होता. आजोबा त्याच्याकडेच बघत होते. “मरता तो खोटो,” ते म्हणाले, “पडता तो खरो.”

पुढे कधीतरी केबल आली, टेन स्पोर्ट्स आलं, आणि पलीकडचे ते तेलकट चमकणारे देह आमच्या माजघरात पडू लागले. मला कुणी काही शिकवावं लागलं नाही. ते चौकोनी अंगण मी ओळखीचंच असल्यासारखं पाहिलं. वीस फुटी चौक, खाली लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या, फळ्यांवर जेमतेम बोटभर मऊपणा आणि वर ताणलेलं कापड. तिथे पडायचं म्हणजे हनुवटी छातीशी घट्ट, पाठ सपाट, दोन्ही हात पसरून एकदम आपटायचे, फुप्फुसातला श्वास त्याच क्षणी सोडून द्यायचा. त्यांच्या बोलीत त्याला ‘बंप’ म्हणतात. कुस्ती शिकायला आलेला पोर आठवड्यांमागून आठवडे नुसतं पडत राहतो. आणि पडताना ज्याला उचलून आपटलं जातंय तो आपटणाऱ्याला आतून साथ देत असतो, मनगटाच्या एका हलक्या दाबानं, कानाजवळच्या एका कुजबुजीनं. हजारो लोक वैर पाहत असतात. दोरांच्या आत एक माणूस दुसऱ्याची मान सांभाळत असतो.

म्हणून माझं लक्ष हरणाऱ्यावर असतं. पट्टा उंचावणारा हात सुंदरच दिसतो, फटाक्यांचा धूर सुंदर दिसतो. पण त्या विजयाला वजन दिलं कुणी? जो असा कोसळला की पाहणाऱ्याच्या पोटात खड्डा पडला, त्यानं. चांगला खलनायक तर अख्ख्या आठवड्याची मशागत करतो. दर सोमवारी थोडा थोडा तिरस्कार पेरतो, लोकांच्या शिव्या पावसासारख्या अंगावर घेतो, आणि महिन्यांनंतर एका रात्री आपल्याच देहाची कापणी करू देतो. मिशा चढवून आलेल्या त्या गूळवाल्याला आमच्या गावात देवापेक्षा जास्त मान का होता, हे मला या परक्या कुस्तीनं समजावलं.

प्रेम आहे म्हणून काही गोष्टी सलतातही. जुलै २०१२मध्ये हजारावा भाग झाला आणि तेव्हापासून २०२४पर्यंत ‘रॉ’ तीन तासांचा होता. त्या लांबीत कितीतरी चांगल्या गोष्टी पातळ होऊन वाहून गेल्या. लढत तापत आली असताना तिसऱ्यानंच धावत येऊन निकाल फिरवावा, हे मला अजून सोसत नाही. ते म्हणजे वाक्य रंगात आलं असताना कुणीतरी दिवा मालवण्यासारखं. जोड्यांच्या कुस्तीला मिळावा तेवढा वेळ मिळत नाही. आणि समालोचकांनी अधूनमधून गप्प राहावं असं फार वाटतं. दोन थकलेली माणसं मधोमध उभी राहून एकमेकांकडे नुसती बघत असतात, गर्दीचा आवाज पायांपासून वर चढत असतो, तेव्हा शब्द कशाला?

त्या शांततेचं दुसरं रूप २०२०च्या मार्चमध्ये दिसलं. साथीमुळे दारं बंद झाली आणि १६ मार्चचा ‘रॉ’ फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या त्यांच्या तालीम-केंद्रात, रिकाम्या खुर्च्यांपुढे झाला. पुढचे कित्येक महिने गर्दी नव्हती. माणूस पडला की फळ्या कण्हत, दोर करकरत, बुटाचा तळ कापडावर घासल्याचा आवाज येई. एरवी गर्जनेखाली दबलेला श्वास पहिल्यांदाच माझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोचत होता. आमच्याकडच्या जत्रांवरही त्या साली बंधनं होती. मी चहा हातात धरून त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहायचो. कुणीही ओरडत नसताना ही माणसं त्याच निष्ठेनं पडत होती.

एक उलटी रीत या लोकांत आहे, तिच्यापाशी माझं मन पुन्हा पुन्हा जातं. न लागलेलं दुखणं ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतात आणि लागलेलं दुखणं लपवतात. ६ डिसेंबर २००४ला ‘रॉ’ची शेवटची, मुख्य लढत दोन बायकांची होती, लिटा आणि ट्रिश स्ट्रॅटस. लिटाच्या मानेवर दोन वर्षांपूर्वीच शस्त्रक्रिया झालेली. दोरांमधून तिनं बाहेर झेप घेतली आणि ती डोक्यावरच, मान दुमडून खाली आली. पाहताना काळजात चर्र झालं. ती उठली, लढत पुरी केली, जिंकली, रडली. २०१८च्या नोव्हेंबरात एका चुकलेल्या ठोशानं बेकी लिंचचं नाक मोडलं, आणि चेहऱ्यावर रक्ताचा ओघळ तसाच ठेवून ती प्रेक्षकांत हात पसरून उभी राहिली. जणू ते रक्तही वेशभूषेतलंच. पंचानं डोक्यावर हातांची फुली केली की समजायचं, आता नाटक थांबलं. त्या फुलीची मला फार भीती वाटते.

आणि मग जाणाऱ्यांची रीत. या धंद्यात निघणाऱ्यानं हरून निघायचं असतं, आपल्या नावातलं जे उरलंय ते मागे राहणाऱ्याच्या ओंजळीत घालून. मार्च २००८मध्ये रिक फ्लेअर हरला. त्याला हरवणारा शॉन मायकेल्स लाथ मारण्याआधी रडत होता. दोन वर्षांनी मायकेल्स स्वतः हरून गेला. लढती रविवारच्या मोठ्या मेळ्यात झाल्या, निरोप मात्र दुसऱ्या रात्री, सोमवारी, या घरच्या अंगणात. एप्रिल २०१७मध्ये अंडरटेकरनं हातमोजे, कोट आणि टोपी दोरांच्या मधोमध ठेवली आणि तो अंधारात गेला. पुढे तो परतला, तरी माझ्या मनात ती टोपी तिथेच आहे. डिसेंबर २०२५मध्ये जॉन सीना, ज्यानं वर्षानुवर्षं शरणागतीची थाप दिली नव्हती, त्यानं गुंथरच्या मिठीत अखेर ती दिली. लोक संतापले, नाराजीनं ओरडत राहिले. मला त्या हाताची ती हलकी थाप एखाद्यानं दार ओढून घेताना कडीचा आवाज होऊ नये म्हणून जपावं तशी वाटली.

आता बाहेर फटफटलंय. पडद्यावर जिंकणारा खांबावर चढून उभा आहे आणि कॅमेरा त्याच्यापाशी थांबला आहे. चौकटीच्या खालच्या कडेला, क्षणभरच, दुसरा दिसतो: खालच्या दोराखालून घरंगळत बाहेर पडलेला, एका हातानं कमर धरून उभा राहू पाहणारा. मग तोही दिसेनासा होतो.

एका जत्रेला दहीकाला होऊन लोक पांगले होते. पूर्वेला केळीच्या पानांमागे उजेड फुटत होता. देवळामागच्या विहिरीवर तो असुर तोंडावरचा रंग धूत होता, पाणी तांबडं होऊन पाटातून माडांच्या मुळाशी जात होतं. मला वाटलं होतं आजोबा त्याला शाबासकी देतील. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून त्याच्यापुढे धरला.

“लागला काय रे?”

“नाय ओ,” तो हसून म्हणाला, आणि तोंड पुसायला वळला.

त्याच्या पाठीवर माती होती, आणि मातीखाली कातडी सोललेली.