पिटुनियाच्या फिर्यादी

मालवणच्या किनाऱ्यावरील घराच्या खळ्यात अबोलीला वेणीचे, जास्वंदीला गणपतीचे आणि वेंगुर्ल्याकडून येणाऱ्या सुरंगीला बाजाराचे प्रयोजन असते. पिटुनियाला असे कोणतेच प्रयोजन नाही. त्याचे फूल माळेत ओवू जावे तर देठ बोटांना चिकटतो, केसांत माळावे तर उन्हे डोक्यावर येण्यापूर्वीच ते गळून जाते. तरीही दसरा आटोपून पावसाची शेवटची सर वेंगुर्ल्याच्या दिशेने निघून गेली, की चिऱ्याच्या गडग्यावर या जांभळ्या-पांढऱ्या कर्ण्यांच्या कुंड्या मांडण्याची हौस सुटते, आणि त्यापाठोपाठ फिर्यादीही दाखल होऊ लागतात.

या वनस्पतीचा मूळ मुलूख दक्षिण अमेरिकेचा, म्हणजे आपला काजू, आपली मिरची आणि आपला तंबाखू ज्या खंडातून पोर्तुगीजांच्या गलबतांनी आणला तोच. पांढऱ्या जातीला लामार्कने 1793 साली तंबाखूच्याच कुळात बसविले होते. 1803 साली ज्युसिएने तिला स्वतंत्र घराणे दिले. परंतु भाऊबंदकी अद्याप मिटलेली नाही. देठ जवळून पाहावा: त्यावरील सूक्ष्म केसांच्या टोकांना चिकाचे बिंदू असतात, आणि पुळणीवरून उडून आलेले वाळूचे कण व इवलाली चिलटे त्यांत अडकून राहिलेली दिसतात. या नात्याचा एक उपद्रवही आहे. तंबाखूवरील मोझॅक हा रोग, ज्याच्या संशोधनातूनच 1898 साली बायरिंक या डच शास्त्रज्ञाने विषाणूची कल्पना मांडली, तो वाळलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो आणि तंबाखू मळलेल्या बोटांवरून पिटुनियात शिरतो. पान चितकबरे होऊन आकसते व त्यावर औषध नाही. सबब आमच्याकडील ज्या गृहस्थांना पानाची तबकडी बाजूला सारून लगेच झाडांकडे वळण्याची सवय आहे, त्यांनी साबणाने हात धुण्याची तसदी घ्यावी, आणि रोगी रोप उपटून जाळावे.

सर्वांत विलक्षण फिर्याद मात्र पिवळ्या पानांची. शिरा हिरव्या, मधला भाग फिकट, आणि तेही कोवळ्या पानांवर आधी, असे दिसले म्हणजे झाडाला लोह मिळत नाही. ज्या भूमीचा चिरा लोहानेच तांबडा झाला आहे तेथे लोहाची वानवा पडावी, हे खजिना भरलेला असूनही हुकूमनाम्यावाचून शिपायांचा पगार तुंबावा तसे आहे! कारण कुंडी भरताना आपण किनाऱ्याची वाळू ओततो, तीत शिंपल्यांचा चुरा असतो, तुळशीवृंदावनाला दिलेला चुना ओघळून शेजारच्या मातीत उतरतो, आणि या चुन्यामुळे मातीतील लोह मुळांना अप्राप्य होते. पिटुनियाला किंचित आम्ल माती लागते. तेव्हा वाळू किनाऱ्याची न घेता ओढ्याची घ्यावी, तांबडी माती व चांगले कुजलेले शेणखत घालावे, आणि नारळाचा भुसा घालायचा असल्यास आधी गोड्या पाण्यात दोन-चार वेळा धुवावा, कारण खाडीत कुजविलेल्या सोडणांचा भुसा खारट असतो. उन्हाळ्याकडे विहिरीचे पाणी मचूळ होऊ लागले की तीच खबरदारी पाण्याची.

झाड दुपारी मान टाकते आणि शेजारीण गडग्यापलीकडून म्हणते, ‘‘झाड सुकला गो, पाणी घाल!’’ हा सल्ला प्रेमाचा, पण पुष्कळदा घातक. बोट मातीत खुपसून पाहावे. ओल असताना पाने लोंबत असतील तर मुळे सडली आहेत, आणि आणखी एक तांब्या म्हणजे मृत्युपत्रावर सही. पाणी सकाळी द्यावे, बुंध्याशी द्यावे, फुलांवर शिंपडू नये, नाहीतर पाकळ्यांवर करडी बुरशी चढते.

कळीला बारीक भोक आणि खालच्या पानावर काळे कण आढळले, तर अपराधी अळी आतच आहे. ती संध्याकाळी बाहेर येते, तेव्हा वेचून काढावी. माव्याला साबणाचे पाणी पुरते. माडाच्या सावलीत ठेवलेले रोप नुसते लांबत जाते, त्याला पाच-सहा तासांचे ऊन हवे; शेंडे खुडावेत, आणि सुकलेले फूल नुसते ओढून न काढता त्याच्या खालील बोंडासकट तोडावे, कारण बोंड धरले की झाडाला फुलण्याची निकड उरत नाही.

फाल्गुन सरता सरता, सर्व बंदोबस्त चोख असूनही, झाड थकते. त्याला पावसाळ्यापर्यंत ओढत नेण्याचा हट्ट मला पटत नाही. चैत्रात ते उपटून कुंडी मोकळी करावी, आणि तीत आल्या-हळदीचा कंद खुशाल लावावा, पण वांग्या-मिरचीचे रोप मात्र लावू नये, कारण तीही त्याच भाऊबंदकीतली.