लंडन किती तासांवर?



आता आपल्या खेड्यापाड्यांतूनही मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी विलायतेला जातात. म्हणून आज पीकपाण्याचे बाजूला ठेवून मुंबई-लंडनच्या वाटेविषयी चार गोष्टी सांगतो.

या दोन शहरांतले सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे आपले विमान या वाटेने पहिल्यांदा निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा असे मुक्काम घेत गेले. आज विमान थेट जाते. जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, येताना नऊच्या आसपास. हा फरक वाऱ्याचा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बहुधा पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. वाऱ्याविरुद्ध सायकल मारणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

मी ज्येष्ठात मुलीकडे गेलो होतो. दुपारी दोनला विमान सुटले, दहा तासांनी उतरले. माझ्या घड्याळात रात्रीचे बारा, तिथे संध्याकाळचे साडेसात आणि बाहेर चक्क ऊन! तिथले घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असते, हिवाळ्यात साडेपाच.

परत आल्यावर शेजारचे आबा बांधावर भेटले. त्यांचा मुलगाही लंडनला. म्हणाले, “साहेब, पोराला तिथनं यायला किती तास लागत्यात?”

“नऊ तास, आबा,” मी ऐटीत सांगितले.

पुढच्या माघात आबा पहाटे पाचला गेले. मुलाला फोन लावला, तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मंडळींनी माझे नऊ तास धरले आणि दुपारी दोनपासून वाट पाहिली. दिवस मावळायला आला, तेव्हा पुतण्याने अग्नी दिला. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पोचला. राख अजून गरम होती.

त्याने कुठे वेळ दवडला नव्हता. पहिले विमान मिळाले ते तिथल्या सकाळी साडेनऊचे, म्हणजे आपल्या दुपारी तीनचे. मुंबईत उतरेपर्यंत मध्यरात्र झाली. मग पासपोर्टची तपासणी, आणि तिथून सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावापर्यंत सहा तास मोटार. नऊ तासांचे सत्तावीस झाले. चूक माझी होती. मी विमानाचे तास सांगितले, आबांनी विचारले होते ते दारापासून दारापर्यंतचे.

तेव्हा तुम्ही हिशेब करताना पुढचे विमान मिळेपर्यंतचा वेळ, विमानतळावर तीन तास आधी पोचणे आणि मुंबई ते गाव हा रस्ता, हे सारे धरा. एक दिवस आणि वर काही तास, असेच समजा. दुखणे वाढते आहे असे वाटले, तर “उगाच कशाला काळजी” म्हणून लपवू नका. मुलांना वेळीच कळवा. विमानाचा वेग आपल्या हाती नाही, फोन मात्र आहे.